मुंडीत निघालेल्या किड्यांबद्दल दुकानाचं उत्तर

नमस्कार ताई,

रविवारी आमच्याकडून नेलेल्या मुंडीत तीन किडे निघाले, माल सडका होता आणि फोन केल्यावर दुकानातल्या पोरानं "धुऊन घ्या, काय होत नाही" म्हणून फोन ठेवला, असं तुम्ही आमच्या दुकानाला एक स्टार देऊन रिव्ह्यूत लिहिलंय. पोराच्या बोलण्याची आधी माफी मागतो. तो माझा पुतण्या आहे. घरचा म्हणून पांघरूण घालणार नाही.

किडे निघाले हेही खरं. पण मुंडी सडकी होती हे मला मान्य नाही, आणि त्याचा पुरावा तुमच्याच फोटोत आहे. मोठा करून बघा. बोटाच्या पेराएवढा, जाडजूड, पिवळसर किडा, पाठीवर काळपट आडवे पट्टे. मटणावर माशी बसून जे किडे पडतात ते पांढरे, बारीक, ढिगानं असतात आणि त्यांच्याआधी वास येतो. मेंढा पहाटे साडेपाचला कापला, तुम्ही नऊला मुंडी नेली, अकराला फोडली. साडेपाच तासांत एवढा किडा वाढत नाही. तो कित्येक आठवडे जित्या मेंढ्याच्या नाकात होता.

याची माशी वेगळी असते, करड्या रंगाची. ती अंडी घालत नाही. उडता उडताच मेंढीच्या नाकपुडीपाशी जिवंत अळ्या टाकते, जेमतेम एक मिलिमीटरच्या. त्या आत चढतात आणि कपाळाच्या हाडामागच्या पोकळीत वाढतात. पुऱ्या वाढल्या की मेंढी शिंकते, अळी बाहेर पडते, मातीत कोश करते आणि त्यातून पुन्हा माशी. त्या माशीला खायला धड तोंडही नसतं. भर उन्हात मेंढ्या एकमेकींच्या पोटाखाली नाक खुपसून गोलात उभ्या दिसतात ना, सावलीसाठी वाटतं, पण पुष्कळदा ते याच माशीपासून नाक लपवणं असतं. आमचा माल जत भागातला, माडग्याळी. ती जातच बाकदार नाकावरून ओळखतात, पण त्या नाकाच्या आत काय आहे ते बाहेरून कुणाला दिसणार?

तुम्ही "धनगर आजारी जनावरं खपवतात" असंही लिहिलंय. ते खोडून टाका, ही विनंती. शेंबूड आणि शिंका दिसल्या तर ते आम्हाला सांगतात. आयव्हरमेक्टिनचं इंजेक्शन दिलं की हे किडे मरतात, पण ते टोचल्यावर ठरावीक दिवस जनावर कापायचं नसतं. म्हणून विक्रीला काढलेल्या मेंढ्याला ते देत नाहीत. तुमच्याआमच्या पोटात औषध जाऊ नये म्हणूनच हे पाळतात.

मुलानं त्याच मेंढ्याचा रस्सा खाल्ला म्हणून तुम्ही घाबरलात. हा किडा मटणात जात नाही, नाक आणि कपाळाच्या पोकळीतच राहतो, आणि खाण्यातून माणसाला लागत नाही. माणसाला त्रास होतो तो माशीनं थेट डोळ्यात, क्वचित नाकात अळी टाकली तर. तो धोका कळपामागं फिरणाऱ्याला, रस्सा खाणाऱ्याला नाही.

आता आमची चूक. मुंडी भाजून, दोन फाका करून, नाकाची पोकळी खरवडून, धुऊन द्यायची, ही आमच्या वडिलांपासूनची रीत. रविवारच्या गर्दीत पुतण्यानं नुसती भाजून अख्खीच पिशवीत टाकली. फोडली असती तर किडे आमच्याच ठोकळ्यावर दिसले असते आणि ती मुंडी तुमच्यापर्यंत आलीच नसती. भेजा अख्खा हवा असेल तर तोही फोडून अलगद काढून देता येतो. आता गिऱ्हाईक घाईत असलं तरी मुंडी न फोडता दुकानाबाहेर जाणार नाही.

एक स्टार राहू द्या, हरकत नाही. फक्त धनगरांचं तेवढं वाक्य काढा. मुंडीचे पैसे गल्ल्यात वेगळे काढलेत. सोमवार सोडून कधीही या. पैसे पुतण्याच देईल, आणि फोन का ठेवला तेही तोच सांगेल.