‘अलेज्ड’ लिहिलं म्हणजे बातमीदार सुटला?

पत्रकारांच्या व्हॉट्सअॅप गटांत एक सल्ला कायम फिरत असतो: इंग्रजी बातमीत ‘अलेज्ड’ आणि मराठीत ‘कथित’ टाका, मग कुणाबद्दल काहीही लिहा. मानहानीचा खटला उभा राहत नाही आणि बातमीही निष्पक्ष ठरते. हा सल्ला चुकीचा आहे. तालुक्याच्या ज्या वार्ताहराच्या पाठीशी वकिलांची फौज नसते, त्याच्यासाठी तर तो धोक्याचाच आहे.

आधी कायद्याचं बघू. बदनामीचा गुन्हा पूर्वी भारतीय दंड विधानाच्या कलम 499 मध्ये होता. 1 जुलै 2024 पासून तो भारतीय न्याय संहितेच्या कलम 356 मध्ये आहे. त्याला दहा अपवाद आहेत. सार्वजनिक हितासाठी सांगितलेलं सत्य हा एक, न्यायालयीन कामकाजाचा बहुतांशी खरा वृत्तांत हा दुसरा. ‘अलेज्ड’ हा शब्द त्यांपैकी एकाही अपवादात बसत नाही. उलट, उपरोधाने किंवा ‘हे तरी, नाहीतर ते तरी’ अशा पद्धतीने केलेला आरोपही बदनामी ठरू शकतो, असं कलमाचं स्पष्टीकरणच सांगतं. इंग्लंडच्या कायद्यातही ‘मी फक्त दुसऱ्याचं म्हणणं छापलं’ हा बचाव सहसा चालत नाही. दुसऱ्याने केलेली बदनामी पुन्हा छापणाराही जबाबदार धरला जातो.

डिसेंबर 2010 मध्ये ब्रिस्टॉल शहरात एका तरुणीचा खून झाला आणि पोलिसांनी तिच्या घरमालकाला अटक केली. त्या क्षणी तो संशयित होता हे खरंच होतं. पण वृत्तपत्रांनी त्या खऱ्या गोष्टीभोवती एका विक्षिप्त, विकृत माणसाचं चित्र रंगवलं. खून केला होता भलत्यानेच. जुलै 2011 मध्ये आठ वृत्तपत्रांना त्या घरमालकाला भरपाई द्यावी लागली. न्यायालयाच्या अवमानाबद्दल ‘डेली मिरर’ला 50,000 आणि ‘सन’ला 18,000 पौंड दंड झाला. सगळा मजकूर जर माणसाला दोषी ठरवत असेल, तर त्याला एखादा सावध शब्द चिकटवून काय उपयोग?

आता निष्पक्षतेचं. ‘अलेज्ड थीफ’मध्ये वाचकाच्या डोक्यात राहतो तो चोर, विशेषण विसरलं जातं. शिवाय आरोप कुणी केला, कशाच्या आधारावर केला, हे त्यातून कळतच नाही. असोसिएटेड प्रेस या अमेरिकी वृत्तसंस्थेची शैलीपुस्तिकाही हेच बजावते: आरोपाचा स्रोत सांगा, आणि हा शब्द सवयीने टाकू नका. आपल्या डेस्कवर ‘कथित मोबाइलचोराला अटक’ अशी ओळ आली, तर ती बदलून ‘मोबाइल चोरल्याच्या संशयावरून पोलिसांनी एकाला अटक केली’ अशी करायला अर्धा मिनिट लागतो. दुसऱ्या ओळीत संशय कुणाचा हे दिसतं, घडलं किती तेही कळतं, आणि चोर हा शब्दच उरत नाही.

‘शंका आली की ‘कथित’ जोडून द्या’ हा सल्लाही तितकाच चुकीचा. ‘कथित आरोपी’ हे तर रोज छापून येतं. अहो, आरोप झालाय म्हणूनच तो आरोपी आहे ना! सिद्ध व्हायचा आहे तो गुन्हा. तसंच, गळा चिरलेला मृतदेह समोर असताना ‘कथित मृत्यू’ लिहिणं ही सावधगिरी नव्हे, मृताच्या घरच्यांची क्रूर थट्टा आहे. वाद आहे तो मारेकरी कोण याबद्दल, मृत्यूबद्दल नाही.

मला सगळ्यात जास्त राग येतो तो या शब्दाच्या वाटपाचा. मंत्र्याचा घोटाळा कायम ‘कथित’. झोपडपट्टीतला पोरगा मात्र पहिल्याच दिवशी ‘अट्टल चोरटा जेरबंद’. दोघांविरुद्ध फक्त गुन्हा नोंदलेला असतो, दोघांचाही खटला सुरू व्हायचा असतो. म्हणजे हा शब्द पुराव्याकडे बघून लावला जात नाही, नोटीस पाठवायची ऐपत कुणाची आहे ते बघून लावला जातो. मग निष्पक्षता कसली?

आणि निकाल लागल्यावर तरी हा शब्द काढा. शिक्षा झाली तर ‘दोषी’ लिहा, सुटका झाली तर ‘निर्दोष’, आणि तेही अटकेची बातमी ज्या पानावर होती त्याच पानावर.