जळालेल्या रेझिस्टरबद्दल फिरणारा मेसेज चुकीचा आहे

चवथीआधी भजनाचे अॅम्प्लिफायर दुरुस्तीला निघतात, तसा फोंडा-म्हापशाकडच्या ग्रुपांवर मेसेज फिरतोय: ‘जळालेल्या रेझिस्टरचे पट्टे दिसतील तसे वाचा, नाहीतर त्याच आकाराचा कुठलाही लावा.’

असं करू नका. रेझिस्टर म्हणजे वीजप्रवाहाला अडथळा करणारा छोटा भाग; हा अडथळा किती ओहमचा ते त्याच्यावरचे रंगीत पट्टे सांगतात. आकारावरून वॅटचा, म्हणजे तो किती उष्णता सोसेल याचा, अंदाज येतो, ओहमचा नाही. आणि उष्णतेने रंग बदलतात. पिवळा-जांभळा-लाल म्हणजे ४.७ किलोओहम, लाल पट्टा करपून तपकिरी दिसला की तोच ४७० ओहम वाचला जातो. दहापट कमी!

सर्किट डायग्राम बघा. स्टिरिओ (डावा-उजवा असे दोन सारखे चॅनल) असेल तर वीज काढून, कपॅसिटर (वीज साठवणारा भाग) डिस्चार्ज करून, दुसऱ्या, चांगल्या चॅनलमधल्या त्याच रेझिस्टरचा एक पाय सोडवून मीटरवर मोजा. मुख्य म्हणजे शॉर्ट झालेला ट्रान्झिस्टर आधी शोधा, नाहीतर नवा रेझिस्टरही जळेल.

तो मेसेज कृपया पुढे पाठवू नका.