तंबाखूवरचं भाषण आणि आपला फॅमिली ग्रुप

आमच्या फॅमिली ग्रुपवर परत पेटलंय. एक पार्टी म्हणते महिला आयोगासारखा पुरुषांसाठीपण आयोग पाहिजे, दुसरी म्हणते इतकी वर्षं चैन केलीत आता सोसा थोडं, आणि मधेमधे बायकोवरचे तेच शिळे जोक. मी जर्मनीत बसून वाचतो आणि मला रशियन लेखक चेकॉव्हच्या नाटकातला न्यूखिन आठवतो.

'तंबाखूचे दुष्परिणाम' नावाची एकपात्री एकांकिका आहे. बायकोच्या हुकमावरून हा न्यूखिन क्लबात तंबाखूवर व्याख्यान द्यायला उभा राहतो, स्वतः ओढतो बरं का, आणि तंबाखू राहते बाजूला नि ३३ वर्षांचा संसार भडाभडा बाहेर पडतो. बायको मुलींचं बोर्डिंग चालवते, हा तिथे शिकवतो, हिशेब ठेवतो, ढेकूण मारतो, तिचं कुत्रं फिरवतो, आणि तिने चाळीस-पन्नास हजार साठवलेत पण याच्या खिशात दमडी नाही. शेवटी लग्नातला जुना कोट काढून पायाखाली तुडवतो, तेवढ्यात विंगेत बायको दिसते, की लगेच कोट अंगावर आणि परत तंबाखू. चेकॉव्हने हे १८८६ मध्ये लिहिलं आणि पार १९०२ पर्यंत बदलत राहिला, म्हणून सुरुवातीचा फार्स शेवटी इतका कडू झालाय.

त्या काळच्या रशियात घटस्फोट चर्चच्या हातात, म्हणजे जवळपास अशक्यच. इथे जर्मनीत घटस्फोटाआधी साधारण वर्षभर वेगळं राहावं लागतं. "तुमच्याकडे काय, सगळं सोपं" म्हणणाऱ्यांनी बघावं, आपल्याकडे सहमतीच्या अर्जालाही वर्षभराची अट आहेच. आयोग झाला तर होऊ दे, पण न्यूखिनला तो मागायचाच नाहीये, त्याला फक्त कोणीतरी ऐकायला हवंय, आणि ऐकायला मिळतात कोण तर तिकीट काढून हसायला आलेले अनोळखी लोक! इथे काउन्सेलर आहेत हो, पण आपले पुरुष जातात कुठे, आणि गेले तरी घरातलं दुखणं परक्या भाषेत सांगायचं कसं. मंडळाच्या गणपतीत कोपऱ्यात उभे राहून टॅक्स आणि विमानाचे रेट यापुढे आमची गाडी सरकत नाही. मग उरतो जोक.

आणि एक राहिलंच, न्यूखिनच्या बायकोला आख्ख्या नाटकात एक वाक्य नाहीये. शाळा ती चालवते, घर तिच्या पैशावर, सात मुली (तोच एकदा सहा म्हणतो, एकदा सात), नि आपण ऐकतो फक्त त्याचं. पुरुषोत्तम करंडक या कॉलेजांच्या एकांकिका स्पर्धेवाल्या पोरांनो, दरवर्षी विषय शोधत असता ना, हिचं स्वगत लिहा की कोणीतरी, मी सुट्टी टाकून बघायला येतो.