धुऱ्यावरच्या मोहाच्या झाडाचीही भरपाई द्या

मच्छीमारांनी जाळे कापून व्हेल शार्क समुद्रात सोडल्याचा व्हिडिओ सकाळपासून सगळे पाठवत आहेत आणि तो पाहून मला आनंदाआधी संताप आला, कारण शेजारच्या काकांनी कालच त्यांच्या धुऱ्यावरचे, म्हणजे शेताच्या बांधावरचे, मोहाचे झाड तोडले.

व्हेल शार्क हा जगातील सर्वांत मोठा मासा. 12 मीटरहूनही लांब वाढू शकतो, प्लवक म्हणजे पाण्यात तरंगणारे बारीक जीव गाळून खातो आणि कुणाच्या वाटेला जात नाही. 2001 पासून त्याला वन्यजीव कायद्याचे संरक्षण आहे. पण हातावर पोट असलेला माणूस केवळ कायद्याकडे पाहून स्वतःचे जाळे कापत नाही. संरक्षित प्राणी सोडताना जाळ्याचे नुकसान झाल्यास 25,000 रुपयांपर्यंत भरपाई देण्याचे आपल्या राज्याने 2018 मध्ये ठरवले, हे फार चांगले केले.

आता मोह पाहा. तोही 1964 च्या वृक्षतोड कायद्याच्या अनुसूचीत, म्हणजे परवानगीशिवाय तोडता न येणाऱ्या झाडांच्या यादीत आहे, हे मान्य. पण झाड राखणाऱ्याच्या हाती त्यातून काय पडते? काकांना जाब विचारायला गेलो, तर ते म्हणाले, "सावलीत धान होत नाही बाबू, नुकसान कोन भरून देते?" त्या क्षणी मला त्यांचा रागच आला, कारण त्याच झाडाखाली चैत्रात पहाटे आमची आई टोपली घेऊन जात असे आणि काकांनी तिला कधी अडवले नव्हते. रात्रभर गळलेली फुले वेचावी, वाळवावी, विकावी; पुढे बियांचे तेल. शिवाय वटवाघळांचे पोटही त्याच फुलांवर.

फाटलेले जाळे मोजता येते आणि सावलीने घटलेले धान मोजणे अवघड आहे, हे खरे. तरी अवकाळीच्या नुकसानीचा पंचनामा जे तलाठी करतात, त्यांना धुऱ्यालगतची धानाची बांधी दिसणार नाही काय?

लिहिता लिहिता काकांवरचा राग ओसरला. त्यांनी ती सावली वर्षानुवर्षे स्वतःच्या पदराने सोसली आणि फुले गावाने वेचली, आमच्या घरानेही. राग आहे तो समुद्रातल्या जिवाची किंमत ओळखणाऱ्या आणि धुऱ्यावरच्या झाडाची न ओळखणाऱ्या सरकारवर. नवा मोह आज लावला, तरी फुलायला दहाएक वर्षे सहज जातात.

म्हणून गावातील धुऱ्यांवरच्या प्रत्येक मोहाची नोंद व्हावी आणि तो राखणाऱ्या शेतकऱ्याच्या खात्यात दरवर्षी भरपाई जमा व्हावी, असा ठराव मी येत्या ग्रामसभेत मांडणार आहे. गावातील मित्रांनी त्या दिवशी हजर राहावे. काकांनाही मी स्वतः घेऊन येईन.