१९११ची मोहन बागान अनवाणी होती, बिनतयारीची नव्हती

२९ जुलै जवळ आला की एक मजकूर फिरू लागतो: ‘अकरा अनवाणी पोरांनी कसल्याही सरावाशिवाय इंग्रज फौजेला हरवलं, गोऱ्यांवरचा भारतीयांचा हा पहिलाच विजय, आणि घाबरून इंग्रजांनी राजधानी कलकत्त्याहून दिल्लीला नेली.’ सामना खरा आहे. २९ जुलै १९११ ला कलकत्त्याच्या मोहन बागान या फुटबॉल क्लबने आयएफए शील्ड या स्पर्धेच्या अंतिम फेरीत ब्रिटिश सैन्याच्या ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटला २-१ हरवलं. बाकीचं तपासायला हवं.

पहिलाच विजय? नाही. १८९२ मध्ये ट्रेड्स कप या कलकत्त्यातल्या दुसऱ्या स्पर्धेत शोभाबाजार या भारतीय क्लबने ईस्ट सरे रेजिमेंटला हरवलं होतं. मोहन बागानचं मोठेपण वेगळं आहे: शील्ड जिंकणारा हा पहिला भारतीय संघ.

अकराही अनवाणी? दहा. फुलबॅक सुधीर चटर्जी बूट घालून खेळले. अनवाणी पायाला चमत्कार मानणाऱ्यांनी कलकत्त्याचं मैदान जुलैत कसं असतं हेही लक्षात घ्यावं. कोरड्या जमिनीवर मोकळा पाय हलका पडतो, चेंडू बोटांशी राहतो, झटकन वळता येतं. पाऊस पडला की तोच पाय चिखलात घसरतो, कातडी चेंडू पाणी पिऊन जड होतो आणि समोरच्याच्या बुटाखाली बोटं सापडतात. पुढे कलकत्त्याच्याच मोहमेडन स्पोर्टिंग क्लबने ओल्या मैदानावर बूट वापरायला सुरुवात केली, १९३४ पासून सलग पाच वेळा कलकत्ता लीग जिंकली आणि १९३६ मध्ये शील्डही नेली. मोहन बागाननंतर ती जिंकणारा दुसरा भारतीय संघ यायला पंचवीस वर्षं लागली. अनवाणी खेळणं ही अडचण होती, आणि तिच्यावर मात करून हे दहा जण जिंकले.

सरावाशिवाय, हे वाक्य तर सर्वांत अन्यायाचं. क्लब १८८९ चा. सैन्यातून आलेले सुभेदार मेजर शैलेन बसू सचिव झाले आणि त्यांनी खेळाडूंच्या अंगमेहनतीला शिस्त लावली. १९०६, १९०७, १९०८ असा सलग तीनदा ट्रेड्स कप जिंकला. १९०९ मध्ये शील्डमध्ये गॉर्डन हायलँडर्सकडून ०-३ हार खाल्ली. दोन वर्षांनी, १९११च्या शील्डमध्ये, सेंट झेवियर्सला ३-०, रेंजर्सला २-१, रायफल ब्रिगेडला १-० हरवलं, मग मिडलसेक्सशी १-१ बरोबरी आणि फेरसामन्यात ३-० विजय. अंतिम सामन्यात आधी गोल खाल्ला. कर्णधार शिवदास भादुरींनी बरोबरी साधली आणि शेवटच्या मिनिटांत अभिलाष घोष यांनी विजयी गोल केला. बिनतयारीचा संघ सहा सामने असे काढत नाही.

राजधानीचं म्हणाल तर तारखाच पुरेशा आहेत. वंगभंग रद्द करून राजधानी दिल्लीला न्यावी, हे व्हाइसरॉयच्या मंडळातले गृहसदस्य जेन्किन्स यांचं टिपण १७ जून १९११ चं. शील्डचे सामने जुलैत झाले. घोषणा १२ डिसेंबरच्या दिल्ली दरबारात झाली, पण बेत आधीच ठरत आला होता.

मजकूर पुढे पाठवायचाच असेल तर त्यात संघ तरी लिहा. गोलकीपर हीरालाल मुखर्जी. बॅक भूती सुकुल, सुधीर चटर्जी. हाफबॅक मनमोहन मुखर्जी, राजेन सेनगुप्ता, नीलमाधव भट्टाचार्य. फॉरवर्ड कानू राय, हाबुल सरकार, अभिलाष घोष, विजयदास भादुरी, शिवदास भादुरी.