‘चीन इंचभरही सोडत नाही’? जरा नकाशा उघडा

सध्या एक मेसेज फिरतोय: ‘चीनने आजवर एकाही शेजाऱ्याला इंचभर जमीन सोडलेली नाही. सीमावाद मिटवायची त्याची एकच रीत, बंदूक. बोलणी म्हणजे निव्वळ वेळकाढूपणा.’ गलवानमध्ये २० जवान गमावल्यावरचा हा राग कळतो, पण पहिलंच वाक्य खोटं आहे.

जमिनीवर चीनचे शेजारी १४. त्यातल्या १२ जणांशी सीमा करारानं ठरली आहे. राहिलो आपण आणि भूतान.

इंचाचंच म्हणाल तर ताजिकिस्तान घ्या. पामीरमध्ये चीनचा दावा सुमारे २८,००० चौरस किलोमीटरवर होता. २०११ मध्ये पदरात पडले हजारेक. रशियाशी तर १९६९ मध्ये उसुरी नदीतल्या बेटावरून गोळीबार झाला होता. तरी २००८ मध्ये खाबारोव्स्कजवळचं हेशियाझी बेट दोघांनी अर्धं-अर्धं वाटून घेतलं, आणि झारनं लाटलेल्या अमूर नदीपलीकडच्या अफाट मुलखावर चीननं पाणी सोडलं.

सगळ्यात मजेशीर म्हणजे ब्रह्मदेश. अरुणाचलात जी मॅकमहोन रेषा (ब्रिटिशांच्या काळात आखलेली सीमा) चीनला बेकायदा वाटते, तीच पुढे ब्रह्मदेशाच्या हद्दीवर जाते. १९६० मध्ये तिथं त्यानं पिमॉ, गॉलुम, कांगफांग ही गावं मागून घेतली आणि बाकी रेषा जवळपास आहे तशी मान्य केली, फक्त नाव न घेता. म्हणजे विटाळ नावाचा होता, रेषेचा नव्हे!

हे औदार्य नव्हे, हेही सांगायला हवं. १९५९ च्या उठावानंतर तिबेट धुमसत होता, तेव्हा नेपाळ-ब्रह्मदेशाशी मिटवलं. १९९० नंतर शिनजियांग या पश्चिमेकडच्या प्रांतातल्या अशांततेची धास्ती, म्हणून कझाकस्तान, किरगिझस्तानशी. घरात आग लागली की कुंपणाचा हट्ट सैल होतो.

बंदुकीचं म्हणणं अर्धं खरं. १९६२ आपण विसरणार नाही, १९७९ चा हल्ला व्हिएतनाम विसरणार नाही. पण त्याच व्हिएतनामशी १९९९ मध्ये जमिनीवरच्या सीमेचा करार झाला. समुद्रात मात्र मेसेजवाल्याचं बरंचसं बरोबर आहे: २०१६ चा दक्षिण चीन समुद्राबाबतचा आंतरराष्ट्रीय लवादाचा निवाडा चीननं सरळ धुडकावला.

राहिला ‘वेळकाढूपणा’. एप्रिल १९६० मध्ये चीनचे पंतप्रधान चौ एन-लाय दिल्लीत आले, तेव्हा पूर्वेकडे तुमचं, अक्साई चीन आमचं, असा सूर होता. आपल्याला तो मान्य नव्हता, आणि त्याला कारणंही होती. १९८० च्या दशकाच्या मध्यापासून चीन अरुणाचलातल्या तवांगवर अडून बसला. म्हणजे भाव बदलत गेला. ऑक्टोबर २०२४ मध्ये लडाखमधल्या देपसांग आणि देमचोकची गस्त पुन्हा सुरू झाली ती वाटाघाटींतूनच. सीमारेषेचा प्रश्न मात्र त्या समझोत्यात नव्हता.