सदर कोंबडी निरोगी आहे

माझ्या ११ कोंबड्या आणि १ कोंबडा निरोगी असल्याचा सही-शिक्क्याचा दाखला अखेर निघाला आहे. माझ्या स्वतःविषयी असा दाखला कोणी देईल असे वाटत नाही, कारण रक्तदाब पूर्वीपासूनच वर होता आणि या खटाटोपात तो आणखी वर गेला आहे.

मी गोराईत राहते. शाळेतून निवृत्त झाल्यावर परसात गावठी कोंबड्या पाळल्या, आणि घरी खाऊन उरतील ती अंडी खाडी ओलांडून बोरिवलीतल्या एका सोसायटीत विकू लागले. परवा त्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर उरण तालुक्यातल्या चिरनेरची, जानेवारी २०२५ मधली बर्ड फ्लूची बातमी कोणीतरी तारीख खोडून ताजी म्हणून पाठवली. चिरनेर आणि गोराई यांच्यामध्ये एक बंदर आणि अख्खी मुंबई येते, पण भीतीला नकाशा लागत नाही. सेक्रेटरींनी मला फाटकातच अडवले. "बाई, आमचा तुमच्यावर पूर्ण विश्वास आहे," असे ते म्हणाले, आणि पूर्ण विश्वास असणारी माणसे जे मागतात ते त्यांनी मागितले. कोंबड्यांचे आरोग्य प्रमाणपत्र आणल्याखेरीज अंडी आत येणार नव्हती. हे संभाषण चालू असतानाच त्यांच्या पाठीमागून कोपऱ्यावरच्या दुकानातला मुलगा अंड्यांचे दोन ट्रे घेऊन लिफ्टकडे गेला. त्या अंड्यांच्या आया आंध्रात राहतात की तमिळनाडूत, आणि त्यांची प्रकृती कशी आहे, याची चौकशी कोणीही केली नाही.

ज्या दवाखान्यात मी गेले त्याचे नाव मी लिहिणार नाही, कारण दाखल्याची मुदत संपली की मला पुन्हा तेथेच जायचे आहे. "जनावर समोर हवे," असे खिडकीतून सांगण्यात आल्यामुळे दुसऱ्या खेपेस मी टोमॅटोच्या क्रेटवर जाळी बांधून त्यातून तीन कोंबड्या प्रतिनिधी म्हणून नेल्या. हातात छापील अर्ज मिळाला. तो ज्याने तयार केला त्याच्या डोळ्यांसमोर म्हैस होती हे दुसऱ्याच ओळीला कळत होते. शिंगांचा आकार, शेपटीच्या गोंड्याचा रंग, कितवे वेत, दररोजचे दूध आणि कानातील बिल्ल्याचा १२ अंकी क्रमांक अशी माहिती भरायची होती.

मी पेन काढले आणि बाकावर शेजारी बसलेल्या गृहस्थांनी माझ्या अर्जात मान घातली.

त्यांच्यासोबत कोणताही प्राणी नव्हता. प्रथम मला वाटले की त्यांचा कुत्रा आत तपासणीला गेला असावा. पुढे कळले की ते कुठल्याशा सरकारी कार्यालयातून निवृत्त झालेले असून, घरी सूनबाई दुपारपर्यंत पंखा लावू देत नाहीत म्हणून, रोज सकाळी या दवाखान्यात येऊन बसतात आणि परक्यांचे अर्ज तपासतात. इस्त्रीचा शर्ट, खिशाला दोन पेने आणि मांडीवर रिकामी फाईल, असा त्यांचा थाट होता. दवाखान्यातील लोक त्यांना काका म्हणत होते आणि, मला आजही हे सांगताना राग येतो, त्यांचे ऐकत होते.

"अर्जदार कोण?" काकांनी विचारले.

"मी," मी म्हणाले.

"आपण मालक. दाखला ज्याच्या प्रकृतीविषयी निघायचा तो अर्जदार." असे म्हणून त्यांनी क्रेटमध्ये डोकावून पाहिले. "यांपैकी कोण?"

"तिघी."

"तीन स्वतंत्र अर्ज. यांची नावे काय?"

मी ३० वर्षे हजेरी घेतली आहे, पण कोंबड्यांना नावे ठेवण्याची वेळ माझ्यावर आली नव्हती. तसे सांगताच काकांनी पेनाचे टोपण काढले. "मग ओळख कशी पटायची? उद्या आपण निरोगी कोंबडी दाखवून दाखला घ्याल आणि दुसऱ्याच कोंबडीची अंडी विकाल. आपण तसे करणार नाही हे मला मान्य आहे, परंतु फाईलला ते मान्य होत नाही." यातला सर्वांत त्रासदायक भाग असा की मला यावर उत्तर सुचले नाही. अखेर तांबडी, कबरी आणि उघड्या मानेची असे वर्णन लिहायचे ठरले, आणि तेथेच नवे प्रकरण सुरू झाले.

"हिच्या मानेवरची पिसे कोठे आहेत?"

मी त्यांना समजावले की गावठी कोंबड्यांत अशी उघड्या मानेची जात असते, पिल्लू असल्यापासून ती तशीच असते, आणि आपल्या उकाड्यात तिला त्याचा फायदाच होतो.

"आपण म्हणता ते खरे असेल. पण साहेब वाचतील: मानेवर पिसे नाहीत. पुढे लिहिलेले असेल: निरोगी आहे. साहेब थबकतील." काका स्वतःही थबकले. "जन्मतःच पिसे नाहीत, असे स्वयंघोषणापत्र जोडा."

"कोंबडीचे?"

"आपले. ती सज्ञान असल्याचा पुरावा नाही."

कानातल्या बिल्ल्यावर आम्ही फार वेळ घालवला. कोंबडीला बिल्ला लावायला कानच नसतो, असे मी म्हटल्यावर काकांनी शांतपणे विचारले, "हिला ऐकू येते ना?" आता इतकी वर्षे मुलांना शास्त्र शिकवलेली बाई गप्प कशी बसणार? मी जाळी सैल करून तांबडीला बाहेर काढले, तिच्या डोळ्यामागची बारीक पिसे बोटाने उलटी फिरवली आणि त्याखालचे कानाचे छिद्र त्यांना दाखवले. त्याच्या खाली लोंबणारी तांबडी पाळी दाखवून हेही सांगितले की बहुतेक जातींत पाळी तांबडी असेल तर अंडे तपकिरी निघते आणि पांढरी असेल तर पांढरे. काका खरोखर प्रभावित झाले. त्यांनी नीट पाहण्यासाठी चष्मा वर केला, तोंड जवळ नेले, आणि तांबडीने त्यांच्या नाकाच्या शेंड्यावर एक नेमकी चोच मारली. शेजारी पर्शियन मांजर घेऊन बसलेली मुलगी हसली. काका हसले नाहीत. त्यांनी रुमालाने नाक पुसले आणि म्हणाले, "चपळ आहे. हे निरोगी असल्याचे लक्षण म्हणून नमूद करता येईल. परंतु बिल्ल्यासमोर 'लागू नाही' लिहू नका. तसे लिहिले की अर्ज परत येतो. 'निरंक' लिहा."

अशा रीतीने तांबडीची शिंगे निरंक झाली, गोंडा निरंक झाला, दूध निरंक झाले. वेत या रकान्यात मी अंड्यांची संख्या लिहावी की काय यावर काकांनी डोळे मिटून विचार केला आणि तेही निरंकच ठेवले.

मग त्यांनी बॉम्ब टाकला. "यांना आपण येथे आणले कसे?"

"बोटीने. पुढे रिक्षाने."

काकांचा चेहरा उजळला. प्राण्यांच्या वाहतुकीच्या नियमांत २००१ साली कोंबड्यांसाठी वेगळे प्रकरण घालण्यात आले आहे, आणि त्यानुसार पक्षी संसर्गजन्य रोगापासून मुक्त व प्रवासास योग्य आहेत असे पशुवैद्यकाने तपासून लिहून द्यावे लागते, हे त्यांनी मला एका दमात सांगितले. "म्हणजे प्रवासास योग्य असल्याचा दाखला मिळवण्यासाठी आपण या तिघींना दाखल्याविना प्रवास घडवला. मात्र," येथे त्यांनी बोट वर केले, "ते प्रकरण रेल्वे, रस्ता आणि विमान यांपुरते आहे. बोटीचा त्यात उल्लेख नाही. खाडीत आपण निर्दोष आहात. जेट्टीपासून येथपर्यंतची रिक्षा मात्र रस्त्यात मोडते."

मी त्यांना विचारले की मग मी काय करायला हवे होते. त्यांनी काही वेळ छताच्या पंख्याकडे पाहिले आणि सांगितले की डॉक्टरांना गोराईला न्यायला हवे होते, पण त्यासाठी अर्ज येथेच येऊन करावा लागतो.

निघताना, जरा नमते घेऊन, मी त्यांना म्हणाले की दाखला मिळाला तर अर्धा डझन अंडी तुम्हाला देईन. "मी अंडे खात नाही," काका म्हणाले. "वासही सहन होत नाही."

खिडकीवर लसीकरणाची नोंद मागितली गेली, आणि येथून पुढचे मला विनोदाने सांगता येत नाही. मानमोडी, म्हणजे कागदोपत्री राणीखेत, हा रोग एकदा खुराड्यात शिरला की सकाळी उभी असलेली कोंबडी संध्याकाळी मान पिळवटून पडलेली असते, आणि त्यावर औषध नाही, फक्त लस आहे. लासोटा लशीचा एक थेंब डोळ्यात किंवा नाकात टाकायचा, एवढेच काम. परंतु लशीची कुपी निघते ती १०० पक्ष्यांपासून पुढे, ती बर्फात ठेवून आणावी लागते, आणि एकदा पाण्यात मिसळली की दोनएक तासांत संपवावी लागते. ज्याच्या शेडमध्ये ५,००० पक्षी आहेत त्याला हे सोपे आहे. माझ्या १२ थेंबांनंतर उरलेले ८८ थेंब मी कोणाच्या नाकात घालू? गावठाणात घरोघर फिरून, शेजारणींच्या कोंबड्या झाडांवरून उतरवून मी ती कुपी संपवते, पण त्याची नोंद कोण देणार? नोंद हवी तर नोंदवही हवी, आणि नोंदवही पोल्ट्रीवाल्यांकडे असते. परसात चार कोंबड्या पाळणारी बाई ही पोल्ट्री नव्हे आणि घरही नव्हे, मग तिचा कागद कोणत्या फाईलला लावायचा हे आजवर कोणी ठरवलेले नाही. मात्र साथ आली की ती बरोबर सापडते. २००६ साली नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला देशात पहिल्यांदा बर्ड फ्लू आढळला, तेव्हापासून नियम हाच आहे की बाधित ठिकाणापासून ठरावीक अंतरातले सगळे पक्षी मारायचे, ते मोठ्या शेडमधले असोत की कोणाच्या ओट्याखालचे. २०२१ च्या साथीत मारलेल्या मोठ्या कोंबडीमागे ९० रुपये आणि अंड्यामागे ३ रुपये भरपाई होती. गावठी कोंबडी ९० रुपयांना कोणत्या बाजारात मिळते, ते मला कोणीतरी सांगावे, मी आजच बोट पकडते.

डॉक्टर, हे नमूद केले पाहिजे, भल्या होत्या. पाठोपाठ कुत्री-मांजरे ताटकळत होती, तरी त्यांनी तिन्ही कोंबड्या हातात घेऊन पाहिल्या. तुऱ्याचा रंग, डोळे, नाकपुड्या पाहिल्या, छातीचे हाड चाचपले, शेपटीखालची पिसे कोरडी असल्याची खात्री केली आणि उघड्या मानेवरून एक बोट फिरवून "किती छान आहे ही," असे म्हणाल्या. स्वयंघोषणापत्र त्यांनी वाचलेसुद्धा नाही. दाखला लिहिताना मात्र त्या थांबल्या. "ताई, आज या बाह्यतः निरोगी दिसतात, एवढे मी लिहीन. बर्ड फ्लू नाही असे मला डोळ्यांनी पाहून लिहिता येणार नाही. त्यासाठी नमुने पुण्याला औंधच्या प्रयोगशाळेत आणि तेथून भोपाळला जातात, आणि तेही मरतूक झाली तर." उरलेल्या पक्ष्यांविषयी त्यांनी माझे सांगणे नोंदवून घेतले. हे सर्व रास्त होते, म्हणून मी काही बोलले नाही.

सेक्रेटरींनी तो कागद फाटकाशी उभ्यानेच वाचला, आणि वाचता वाचता त्यांची भुवई काकांच्या दिशेने निघाली आहे हे मला दिसले.

"यात अंड्यांचा उल्लेख नाही."

मी म्हटले की अंडी त्या कोंबड्यांचीच आहेत.

"ते बरोबर आहे, बाई. पण दाखला गुरुवारचा आहे आणि अंडी आजची आहेत."

अंडे ७० अंशांपर्यंत आतपर्यंत शिजवले की हा विषाणू तग धरत नाही, हे प्रत्येक साथीत सरकार सांगते आणि मीही सांगितले. सेक्रेटरींना हाफ फ्राय आवडते, असे त्यावर त्यांनी कळवले. विषय कमिटीच्या पुढच्या बैठकीत ठेवण्याचे ठरले, मूळ दाखला त्यांनी सोसायटीच्या फाईलला लावून घेतला, आणि निर्णय होईपर्यंत त्यांच्या स्वतःच्या घरी सहा अंडी द्यायला हरकत नाही, असेही त्यांनीच सुचवले.

ती मी दिली. दर मात्र अंड्यामागे २ रुपयांनी वाढवला, कारण बोट, रिक्षा आणि झेरॉक्स यांचे पैसे तांबडी भरत नाही. त्यावर गावठी अंड्याला एवढा भाव कसा, अशी तक्रार लगोलग ग्रुपवर गेली असून, तिच्याखाली चौघांनी अंगठे दाखवले आहेत आणि एकाने माझ्या दरवाढीला लेखी आधार काय, असे विचारले आहे.